कामी आलेली नावे



नदीकाठच्या गावाला खुणा करून ठेवायची सवय असते. आज दुपारी महाडात ज्यांच्या घरी उतरलो, त्यांनी चहाच्या आधी मला जिन्याशेजारची भिंत दाखवली. भिंतीवर एक रेघ २००५ सालची आणि तिच्या बरीच वर दुसरी, २२ जुलै २०२१ ची. घराला नंतर नवा रंग दिला, पण रंगाऱ्याला बजावून त्या दोन रेघा राखल्या. पाणी कुठवर चढले होते ते नातवंडांना बोट ठेवून दाखवता आले पाहिजे, असे त्या गृहस्थांचे म्हणणे. सावित्री आणि गांधारीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हे शहाणपण कुणी शिकवावे लागत नाही.

पाण्याची उंची आपण तारखेसकट लिहून ठेवतो. तेवढ्याच काळजीने माणसांची नावे लिहून ठेवतो का, हा माझा आजचा विषय आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोलाच्या तासाला मुलांना नदीवर आणि इतिहासाच्या तासाला लेण्यांत घेऊन जात, असे इथे आल्यावर कळले. म्हणून दगडावर, धातूवर आणि भिंतीवर लिहिलेल्या इतिहासाबद्दलच बोलायचे मी ठरवले.

सुरुवात गांधारपाल्यापासून करू. हमरस्त्यावरून डोंगरात दिसणारी ती लेणी तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असतील. तिथल्या ब्राह्मी लेखात एक नाव आहे: कुमार काणभोज विष्णुपालित. त्याने लेणे, चैत्यघर, ओवऱ्या आणि पाण्याच्या पोढ्या दान दिल्या, अशी ती नोंद. हा राजपुत्र दिसायला कसा होता, लढला कुणाशी, वारला कधी, काही ठाऊक नाही. तरीही जवळजवळ दोन हजार वर्षांनी महाडच्या एका सभेत मी त्याचे नाव घेतो आहे, कारण कुणा कारागिराने छिन्नीने ते खडकात उतरवले. त्या कारागिराचे नाव मात्र खडकावर नाही. दान देणारा राहिला, खडक फोडणारा गेला. दगडांच्या इतिहासातली ही पहिली असमानता आहे आणि ती पुढे वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

त्यानंतरचे दगड मुके आहेत. देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, कधी शेताच्या बांधावर उभे असलेले वीरगळ तुम्ही पाहिले असतील. खालच्या चौकटीत लढाई, बहुतेकदा गुरे पळवणाऱ्यांशी झुंज. त्याच्या वर वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा. सगळ्यांत वर तो शिवलिंगापाशी हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर या वीराची आठवण राहील, असे तो दगड सांगतो. पण कुठल्या वीराची? महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षर नाही. बोरिवलीजवळच्या एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात, इतके ते काम बारीक. कोकणच्या समुद्रावर कधी काळी झालेल्या त्या मोठ्या लढाईत पडलेल्या वीरांची नावे आज आपल्याला सांगता येत नाहीत. गावोगाव लोक वीरगळाला शेंदूर लावतात, नवसाला नारळ देतात. दगड देव झाला, आणि त्यातला माणूस हरवला.

लढाईत पडलेल्या माणसाला आपल्या भाषेत ‘कामी आला’ म्हणतात. अमुक पानिपतावर कामी आला, तमुक पुरंदरावर कामी आला. शाहिरांच्या आणि बखरकारांच्या तोंडचा हा शब्द मला फार मोठा वाटतो. मरण वाया गेले नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडले, असे तो शब्द त्या माणसाच्या घरच्यांना सांगतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की माणूस एकदा कामी येतो, पण त्याचे नाव नीट कोरून ठेवले तर ते पुन्हा पुन्हा कामी येते. ज्यांनी ते कोरले त्यांच्या स्वप्नातही नसलेल्या कामी येते.

याचा सर्वांत मोठा पुरावा भीमेच्या काठी उभा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची कंपनी सरकारची लहानशी फौज आणि दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य यांच्यात दिवसभर लढाई झाली. कंपनीने तो आपला मोठा पराक्रम मानला आणि २६ मार्च १८२१ रोजी स्मारकस्तंभाचा पहिला दगड बसवला. हेतू उघड होता. राज्य नुकतेच हाती आले होते, आणि पुण्याच्या वाटेवर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा विजयाचा खांब हवा होता. तो विजेत्याचाच दगड आहे. पेशव्यांच्या बाजूने पडलेल्या अरबांचे, गोसाव्यांचे, मराठ्यांचे नाव त्यावर नाही.

पण कंपनीने एक गोष्ट केली. आपल्या बाजूने पडलेल्यांची आणि जखमी झालेल्यांची नावे तिने स्तंभावर कोरली. नुसत्या गोऱ्या अंमलदारांची नव्हे, साध्या शिपायांचीही. त्यात मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. आणि पडलेल्या ४९ जणांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हा प्रत्यय त्या काळी महार समाजातल्या पुरुषांच्या नावांना लागत असे.

आता पुढे काय झाले पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लढाऊ जातींचे शास्त्र काढून, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध पहिला आवाज उठला तो याच मातीतून. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, आणि १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी तो लढा हाती घेतला. १९१० मध्ये त्यांच्या पुढाकाराने थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. तुम्ही लढाऊ नाही, असे सरकार म्हणत होते. त्यावर या माणसांपाशी सरकारनेच कोरलेला दगड होता. त्यावरची अक्षरे खोटी म्हणण्याची सोय सरकारला उरली नव्हती.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी आले. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोवर १९ मार्चला ते महाडात अस्पृश्यांच्या परिषदेसाठी होते. परिषदेच्या पहिल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी दापोलीच्या आसपासच्या लष्करी पेन्शनरांच्या वस्तीची आठवण काढली. पलटणीमुळे तिथल्या अस्पृश्य घरांत अक्षर कसे आले होते आणि भरती बंद झाल्यावर ती घरे कशी बसली, हे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, अस्पृश्यांना बंद असलेल्या चवदार तळ्याचे पाणी ते आणि परिषदेची माणसे प्याली; तो प्रसंग महाडकरांना मी सांगायला नको. कोरेगावातून महाड निघाले असे मी म्हणणार नाही. इतिहास इतका सरळ चालत नसतो. पण त्या दगडावर ‘इतके एतद्देशीय शिपाई पडले’ असा नुसता आकडा असता, तर त्या खांबापाशी उभे राहून ‘हे आमचे’ असे कुणाला म्हणता आले असते का? आकड्याला जात नसते, गाव नसते, नातवंडे नसतात. नावाला ती असतात. कंपनीने आपल्या गौरवासाठी लिहिलेली ती अक्षरे शंभर वर्षांनी कंपनीच्या वारसांविरुद्धच साक्षीला उभी राहिली. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यात तोच स्तंभ होता.

तळ्याचा विषय निघालाच आहे तर त्याच वर्षीच्या डिसेंबरचे एक सांगतो. मला तो प्रसंग मार्चच्या प्रसंगाइतकाच मोठा वाटतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी माणसे कामाला लागली होती, आणि महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. म्हणजे कागद होता. कागद कुणाला पाणी पाजत नव्हता. डिसेंबरात बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावच्या बंदराला उतरली आणि तिथून चालत महाडला आली. परिषदेला जागा मिळू नये अशी नाकेबंदी होती, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर पुन्हा जायचे की नाही यावर चर्चा झाली, आणि जायला तयार असणाऱ्यांनी नावे द्यावीत असे ठरले. साडेतीन हजारांहून अधिक माणसांनी सत्याग्रहासाठी नावे लिहून दिली.

मी या नोंदीपाशी फार वेळ थांबतो. पोलीस समोर होते, कोर्टाचा मनाई हुकूम आलेला होता, गावी परतल्यावर बलुते बंद होणार, मार बसणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. लपून राहण्यात शहाणपण होते. अशा वेळी त्यांनी स्वतःहून नाव सांगितले. ज्यांच्या नावांचा उच्चार गावात अर्धवट आणि तुसडेपणाने व्हायचा, त्यांनी ते पुरे सांगितले. सत्याग्रह त्या दिवशी तहकूब झाला, मिरवणूक निघाली, आणि तळ्याच्या दाव्याचा निकाल १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात लागला. आज तळ्याकाठी पुतळा आहे, गावात क्रांतिस्तंभ आहे, दर वर्षी लाखोंची पावले लागतात. त्या साडेतीन हजारांची नावे मात्र एका जागी वाचता येतील असा फलक मला कुठे दिसला नाही. जी काही नावे कागदपत्रांतून आणि घराघरांतून मिळतील, ती तळ्याजवळ लागली पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

बेचाळीसच्या हुतात्म्यांची गोष्ट वेगळी आहे. १० सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात पडलेल्या पाचही जणांची नावे या सभागृहातल्या थोरांना पाठ आहेत. पुढे याच सावित्रीच्या काठच्या आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात महाराष्ट्रभर हुतात्मा स्मारके उभी राहिली. त्यांपैकी कित्येकांची पुढे नीट देखभाल झाली नाही, पण निदान नावे लिहिली गेली.

आता मी ज्यासाठी आलो त्याकडे वळतो.

माझे आजोळ याच खोऱ्यातले. आजीच्या माजघरात तुपाच्या बरणीवर एक जड, तांबूस चकती झाकण म्हणून ठेवलेली असे. बशीहून लहान, वाटीहून मोठी. तिच्यावर उभी असलेली एक बाई आणि पुढे सिंह. आम्ही मुले तिला सिंहाचे झाकण म्हणायचो. कॉलेजात गेल्यावर एका मे महिन्यात मी ती चकती उजेडात नेऊन पाहिली आणि एका छोट्या चौकटीत उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नाव वाचले. आजीच्या थोरल्या दिरांचे नाव. आजी लग्न होऊन त्या घरात आली त्याच्या कितीतरी आधी ते ‘बसऱ्याला’ गेले होते. घरात त्यांच्याबद्दल एवढेच वाक्य होते: बसऱ्याला गेले ते आले नाहीत. चकतीवर कुणाचे नाव आहे हे आजीला माहीत होते का, असे मी विचारले. ती म्हणाली, सासूबाई ती कुणाला घासू देत नसत.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने मृत सैनिकांच्या घरच्यांना अशा कांस्याच्या चकत्या पाठवल्या. तेरा लाखांहून अधिक घडवल्या गेल्या. प्रत्येक चकतीवर मृताचे स्वतंत्र नाव ओतलेले. आणि त्यावर हुद्दा मुद्दाम लिहिलेला नाही. मरणात सुभेदार आणि शिपाई, लॉर्ड आणि मजूर सारखेच, हे दाखवण्यासाठी. विचार थोर होता, आणि कोकणातल्या एका माजघरापर्यंत तो खरोखरच पोहोचला होता.

याच सरकारने त्याच माणसांसाठी बसऱ्यात काय केले ते आता ऐका. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन सर्वांत आधी गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे इथली पोरे. तैग्रिस नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कुत या लहानशा गावात ७ डिसेंबर १९१५ पासून त्यांना तुर्कांनी कोंडले. नदीच्या वळणातले, मातीच्या घरांचे, बाजारपेठेचे गाव, आपल्या महाडसारखेच पुराचे भय असलेले. अन्न संपले, घोडी आणि खेचरे मारून खायची वेळ आली, रोगराई पसरली. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला, फौजेने शस्त्र खाली ठेवले. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो माणसे वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेली.

या मोहिमेत ज्यांच्या थडग्याचा किंवा चितेचा पत्ता नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याजवळ शत्त-अल-अरबच्या काठी १९२९ मध्ये उभे राहिले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, साध्यातल्या साध्या शिपायाचेही. हिंदी अंमलदारांची नावे आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचे नाव, तिच्यातल्या अंमलदारांची नावे, आणि खाली ‘याशिवाय इतके हिंदी शिपाई’ असा आकडा. नावे सरकारपाशी नव्हती असे म्हणायला जागा नाही. आमच्या माजघरात कांस्यात ओतलेले नाव त्याच सरकारने टपालाने धाडले होते. दगडावर आणताना मात्र जागा, खर्च आणि ‘त्या लोकांना नावांचे तेवढे काय’ हा मनातला तिरस्कार आडवा आला. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक उचलून बत्तीस किलोमीटर दूर वाळवंटात नेऊन बसवले. आकडेच तिथे गेले. तैग्रिसच्या वरच्या अंगाला अमारा गावात सुमारे पाच हजार हिंदी सैनिकांचे दफनस्थान आहे. त्यांपैकी ओळख पटते ती फक्त नऊ जणांची.

याच काळात हिंदुस्थानातल्या अनेक गावांत संगमरवराच्या पाट्या लागल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या लष्करी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत त्या अजून सापडतात. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने, ज्याला सारा महाराष्ट्र अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतो, त्या युद्धात ४६ माणसे दिली. आजही तिथल्या घराघरांत फौजी आहेत. अशा पाटीसमोर मी जेव्हा उभा राहतो, तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटतो, आणि मग हात मोकळा राहतो. बोट कुठे ठेवायचे? पणतवाला काय दाखवायचे? शेहेचाळीसातला आपला कितवा?

२०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असे त्यात कबूल केले आहे. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षे उशीर झाला तरी त्या अहवालाचा प्रामाणिकपणा मी मानतो. पण लंडनला माफी मागून झाली म्हणजे आपले काम संपले असे नाही. त्या नोंदवह्यांतली बरीच नावे आता कुणालाही पाहता येतात. इंग्रज कारकुनाने ऐकू आले तसे लिहिलेले ‘राव’ आणि ‘नाक’ आणि ‘बा’ ओळखून, गाव कुठले, घर कुठले हे जुळवायला मराठी कान लागतो. खाडीपट्ट्यातली गावे, वाड्या, आडनावे लंडनला बसून कशी कळणार?

नाव लिहिले गेले तर काय होते याचे एक उदाहरण शेजारच्या माणगावचे. पळसगावचे नाईक यशवंतराव घाडगे, वय बावीस. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगन सुरू झाली. त्यांच्याशिवाय तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले, आणि दूरच्या गोळ्या छातीत-पाठीत लागून त्याच खंदकात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही, पण कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, कारण दुसऱ्या युद्धापर्यंत निदान इटलीत तरी हिंदी शिपायाचे नाव इतरांच्या बरोबरीने कोरले जाऊ लागले होते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत त्या खोऱ्यातल्या मोंतोने या टेकडीवरच्या लहान गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. सूर्य सर्वांना एकच, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत. विचार करा, ज्या गावातल्या कुणी त्यांना पाहिलेही नव्हते, त्या इटलीतल्या गावाला एकोणऐंशी वर्षांनी रायगड जिल्ह्यातल्या पोराची आठवण करावीशी वाटली. नाव, पलटण आणि तारीख नोंदलेली होती म्हणून ते जमले. बसऱ्याच्या भिंतीवरच्या आकड्यासाठी तिथले कुणी असे घड्याळ कुठल्या हाताने उभारणार?

कुणी म्हणेल, ते इंग्रजांसाठी लढले, पगारासाठी गेले, त्यांचे स्मारक आपण का करावे? हा प्रश्न मला अनेक ठिकाणी विचारला गेला आहे आणि मी तो टाळत नाही. कोकणातून पलटणीत गेलेली बहुतेक माणसे भाताच्या दोन खंडीत घर चालत नव्हते म्हणून गेली. पोटासाठी परमुलखात मेलेल्या माणसाला त्याचे गाव विसरले, तर मग त्याला आठवणारे उरते कोण? राज्य कुणाचे होते याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. माणूस आपला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या, तेव्हा काहींचे देह अखेरपर्यंत मिळाले नाहीत. त्या घरांत जाऊन विचारा, देह नसला की नावाला किती धरून बसते माणूस.

आता वेळ कमी आहे, आणि नदीकाठी तो अधिकच कमी असतो. २०२१ च्या पुराने या गावातली किती ट्रंकांतली कागदपत्रे आणि भिंतीवरचे फोटो नेले, ते तुम्हीच जाणता. पेन्शनच्या वह्या, मनीऑर्डरीच्या पावत्या, सुटीचे दाखले चिखलात गेले. दगड आणि धातू मात्र चिखलातूनही निघतो. म्हणून माझी तुम्हाला एक विनंती आहे, आणि ती अगदी घरगुती आहे.

घरात पहिल्या युद्धातले चांदीचे पदक असेल तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. वर्षानुवर्षे घासून ती अक्षरे गेलेली पदके मी पाहिली आहेत. पदक चांदीऐवजी कांस्याचे असेल तर ते कमी प्रतीचे म्हणून टाकू नका. पाणी वाहणारे भिस्ती, खेचरे हाकणारे, धोबी, मजूर अशा लढवय्यांमागून गेलेल्या माणसांना कांस्याची पदके मिळत, आणि त्यांची नावे तर स्मारकांवर शोधूनही सापडत नाहीत. सराफाकडे पदक मोडायला न्यायची वेळ आली, आणि गरिबीत ती येते, यात लाज नाही, तर मोडण्याआधी कडेवरचे नाव एका कागदावर उतरवून घ्या. आजी-आजोबांकडून ‘अमका बसऱ्याला गेला’, ‘तमका जर्मनच्या लढाईत राहिला’ असे ऐकले असेल तर ते गाव, वाडी आणि भावकीसकट लिहून ठेवा. ज्यांच्या घरात १९२७ च्या डिसेंबरात नाव दिल्याची आठवण आहे, त्यांनी तीही सांगा.

इथल्या वाचनालयाने यासाठी एक वही ठेवली आहे. ती पुराच्या रेषेच्या वर, माडीवरच्या कपाटात राहील, असे कार्यवाहांनी मला सांगितले. उद्या सकाळपासून कुणीही येऊन तिच्यात नाव लिहावे. पहिल्या पानावर मी आज दुपारी माझ्या आजीच्या थोरल्या दिरांचे नाव लिहिले आहे.